सायकलचं हँडल सुरक्षितपणे वर कसं घ्यायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हँडल वर घ्यायचंय म्हणून जे प्रश्न येतात ते फिरून फिरून साधारण सारखेच असतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवलेत. आधी सोपे आहेत, पुढे अडनिडे. घाईत असाल तर निदान २, ४ आणि ८ नंबरचे प्रश्न वाचा आणि मगच पाना हातात घ्या, कारण बाकी काही बिघडलं तर सायकल थांबते, पण हँडल चालत्या सायकलवर सुटलं तर सावरायला धरणार कशाला?

१. हँडल वर घेतल्याने खरंच फरक पडतो का? माझी मान आणि पाठ दुखते.

पडतो, बऱ्याचदा चांगलाच पडतो. हँडल खाली असलं की कंबरेतून जास्त वाकावं लागतं आणि मग समोर बघायला मान उचलून धरावी लागते, तासभर मान तशीच ठेवली की दुखणारच. शिवाय अंगाचा बराच भार तळहातांवर येतो. हँडल थोडं वर आलं की तो भार सीटकडे सरकतो आणि मान, खांदे, मनगटं मोकळी होतात.

पण आधी सीट बघा, हे मी प्रत्येकाला सांगतो. सीटची उंची पायांच्या हिशोबाने ठरते, हँडलच्या हिशोबाने नाही. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, ते जमलं की मग हँडलकडे वळायचं. "हँडल वर होत नाही म्हणून सीट खाली केली" असं बरेच जण करतात, त्याने मान सुटते आणि गुडघे धरतात.

सीटचं टोकही बघून घ्या. ते खाली झुकलेलं असेल तर तुम्ही सतत पुढे घसरता आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत राहता, तिथे हँडल कितीही वर घेतलं तरी हात दुखायचे थांबत नाहीत.

२. माझ्या सायकलचं हँडल वर होतं की नाही हे कसं ओळखू?

हँडलच्या मधोमध जो तुकडा हँडलला पुढच्या फोर्कशी (चिमट्याशी) जोडतो त्याला स्टेम म्हणतात, सगळा खेळ त्याचा. दोन मुख्य प्रकार आहेत आणि नुसतं बघून ओळखता येतात.

पहिला क्विल स्टेम. सात आकड्यासारखा किंवा उलट्या एल सारखा दिसतो, त्याचा बारीक दांडा खाली फ्रेमच्या नळीत घुसलेला असतो, वर मधोमध एकच बोल्ट असतो आणि जिथे दांडा आत जातो तिथे दोन मोठे चपटे षटकोनी नट दिसतात. जुन्या सायकली, साध्या सायकली, मुलांच्या बऱ्याचशा सायकली याच प्रकारच्या. हा स्टेम सरळ वर-खाली सरकतो, कृती प्रश्न ३ मध्ये.

दुसरा थ्रेडलेस. यात फोर्कची नळी म्हणजे स्टीअरर वरपर्यंत आलेली असते आणि स्टेम तिला बाहेरून मिठी मारून बसतो. मागच्या बाजूला दोन आडवे बोल्ट असतात, वर छोटं झाकण आणि त्यात एक बोल्ट, आणि स्टेमच्या खाली बहुतेक वेळा गोल रिंगा रचलेल्या दिसतात, त्या स्पेसर. हा स्टेम वाटेल तितका वर सरकत नाही, स्टीअरर कारखान्यात किंवा दुकानात जेवढा कापलाय तेवढीच जागा. त्याचं प्रश्न ७ पासून पुढे.

यात दोन्हीत न बसणारी सायकल असेल, म्हणजे ब्रेकच्या वायरी दिसतच नाहीत किंवा सायकल घडीची आहे, तर १४ आणि १६ बघा.

३. क्विल स्टेम वर घ्यायची नेमकी पद्धत काय?

वरचा रबरी टोपण असेल तर काढा. आत अॅलन बोल्ट असतो, बहुतेक ६ मिमीचा, जुन्या सायकलवर बाहेरून पाना लागणारा षटकोनी असतो. तो तीन-चार फेरे सैल करा, पूर्ण काढायचा नाही, कारण खालच्या टोकाला एक तिरका कापलेला ठोकळा (वेज) त्याच बोल्टवर लटकलेला असतो आणि बोल्ट निघाला की तो नळीत खाली पडतो.

आता इथे सगळे अडकतात. बोल्ट सैल केला, तरी स्टेम जागचा हलत नाही, मग लोक हँडलला धरून खेचाखेची करतात. नीट बघा, बोल्टचं डोकं स्टेमच्या वर चार-पाच मिमी उचललं गेलेलं दिसेल. वेज अजून आत घट्ट रुतलेला आहे म्हणून ते तसं वर राहिलंय. त्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवा आणि हातोडीने एक-दोन नेमके ठोके द्या. वेज सुटला की बोल्टचं डोकं खटकन खाली बसतं आणि हाताला लगेच कळतं की स्टेम मोकळा झाला.

मग पुढचं चाक दोन गुडघ्यात धरा, हँडल डावी-उजवीकडे थोडं थोडं फिरवत वर घ्या. पहिल्यांदाच करत असाल तर स्टेम पूर्ण बाहेर काढून पुसा, दांड्याला, वेजला आणि बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा आणि मग परत घाला, हे पाच मिनिटांचं काम पुढे काही वर्षांनी प्रश्न ६ ची वेळ येऊ देत नाही. हवी ती उंची ठेवा, रेघ आत गेलीय ना बघा (प्रश्न ४), हँडल चाकाशी काटकोनात आणा, बोल्ट आवळा.

ते दोन मोठे चपटे नट मात्र सोडायचे नाहीत, ते बेअरिंगचे आहेत, उंचीशी त्यांचा संबंध नाही.

शेवटी तपासणी. चाक गुडघ्यात घट्ट धरून हँडल दोन्ही हातांनी बऱ्यापैकी जोर लावून वळवा, मग हँडलच्या दोन्ही टोकांवर भार देऊन खाली दाबा. काही सरकलं नाही पाहिजे.

४. स्टेमवर एक रेघ आहे, ती थोडीशी बाहेर दिसली तर चालेल ना?

नाही. एक मिलिमीटरही नाही.

"मिनिमम इन्सर्शन" किंवा "मॅक्स हाइट" असं काहीतरी लिहिलेली ती रेघ पूर्ण नळीच्या आत जायला हवी, बाहेरून दिसता कामा नये. लोकांना वाटतं की स्टेम आत कुठेतरी घट्ट बसलाय म्हणजे झालं, हलत नाहीये ना. पण हलणं न हलणं हा प्रश्नच नाही. फोर्कच्या नळीच्या वरच्या टोकाला बाहेरून आटे पाडलेले असतात, तिथे नळीची भिंत पातळ झालेली असते. स्टेम फार वर घेतला की वेज नेमका त्या पातळ भागात येऊन फुगतो, नळी हळूहळू बाहेर फुगते किंवा तिला चीर जाते. शिवाय दांड्याचा आतला भाग जितका कमी, तितका तुम्ही ब्रेक मारल्यावर किंवा उभं राहून पेडल मारल्यावर त्या थोड्याशा पकडीवर येणारा जोर जास्त. हे सगळं आत चालतं, वरून सायकल अगदी ठणठणीत दिसते, आणि मग एखाद्या खड्ड्यात अचानक सुटतं.

तेवढी उंची पुरत नसेल तर दुसरा, लांब दांड्याचा क्विल स्टेम मिळतो, तो लावा. रेघेशी तडजोड करू नका, ही माझी मनापासून विनंती आहे.

५. माझ्या स्टेमवर रेघच नाही, पुसली गेलीय.

मग मोजायचं. नियम असा की दांड्याच्या जाडीच्या निदान अडीच पट लांबी आत राहिली पाहिजे. नेहमीच्या दांड्याची जाडी २२.२ मिमी असते, त्याची अडीच पट ५५.५ मिमी. ही मोजणी दांड्याच्या पूर्ण गोल असलेल्या भागाच्या खालच्या टोकापासून करायची, लटकणारा वेज धरायचा नाही. मी स्वतः अशा वेळी ६५ मिमीच्या खाली जात नाही. स्टेम बाहेर काढा, मोजा, आणि कायम टिकणाऱ्या मार्करने स्वतः गोल रेघ मारून घ्या म्हणजे पुढच्या वेळी परत डोकेफोड नको.

आणि रेघ पुसली जाण्याइतका स्टेम जुना असेल तर तो हातात आहे तोवर दांड्यावर चिरा, खड्डे, वाकलेपणा आहे का ते उजेडात धरून बघाच.

६. बोल्ट सैल केला, ठोकलं, तरी स्टेम निघत नाही.

वेज सुटलाय पण दांडा नळीत जाम झालाय. अॅल्युमिनियमचा दांडा, स्टीलची नळी, आत घाम आणि पावसाचं पाणी, वर्षानुवर्षं ग्रीस नाही, मग दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात. गंज सोडवणारं तेल सांध्यावर टाका, रात्रभर ठेवा, सायकल उलटी करून फोर्कच्या खालच्या भोकातूनही थोडं सोडा, दुसऱ्या दिवशी परत ठोकून बघा. घाई केली नाही तर एक-दोन दिवसांत बरेचसे सुटतात. तेल ब्रेकच्या रबरांवर, रिमवर किंवा डिस्कवर जाऊ देऊ नका.

चाक धरून हँडलला पूर्ण ताकदीने पिळायचं मात्र नाही, त्याने फोर्क नाहीतर चाक वाकतं आणि स्टेम तिथेच राहतो. तेलाने जमलं नाही तर मेकॅनिककडे न्या. काही वेळा दांडा कापून काढावा लागतो, आणि ते काम सवयीच्या हातानेच व्हावं.

७. थ्रेडलेस स्टेम कसा वर घ्यायचा?

स्टेमच्या वर स्पेसर असतील तर ते खाली घ्यायचे, बस. वर नसतील तर थेट ९ वर जा.

सायकल जमिनीवर उभी ठेवा, चाक टेकलेलं राहू द्या, कारण स्टेम निघाल्यावर फोर्कला धरून ठेवणारं वर काहीच उरत नाही, सायकल उचललेली असेल तर फोर्क सरळ खाली घसरतो आणि बेअरिंगच्या रिंगा जमिनीवर. आधी वरच्या झाकणाचा बोल्ट काढा, मग मागचे दोन्ही बोल्ट सैल करा. स्टेम वर उचला, हँडल केबलसकट बाजूला धरा, स्पेसर खाली घाला, स्टेम परत बसवा. जितके स्पेसर वरून निघाले तितकेच खाली जातायत, एकूण उंची तीच, म्हणून झाकण पुन्हा तसंच बसतं.

झाकण लावायच्या आधी वरून आत बघा. स्टीअररची कड सगळ्यात वरच्या स्पेसरच्या किंवा स्टेमच्या कडेपेक्षा ३ ते ५ मिमी खाली दिसली पाहिजे. कड वर आलेली असेल तर झाकण स्टीअररवरच टेकतं आणि बेअरिंग कधीच नीट आवळलं जात नाही.

याच्या उलट चूक जास्त धोक्याची आणि जास्त होणारी: बाजारातून दोन-तीन जादा स्पेसर आणायचे आणि स्टेमच्या खाली घालायचे. हँडल वर येतं, छान वाटतं, बोल्टही आवळले जातात, पण स्टीअरर तेवढा लांब नाहीच, त्यामुळे स्टेमचा वरचा बोल्ट पोकळ हवेला धरून बसतो आणि सगळा भार खालच्या एका बोल्टवर. स्पेसर वरून खाली गेले पाहिजेत, नवीन वाढवायचे नाहीत.

आवळण्याचा क्रम पुढच्या प्रश्नात, तो चुकवू नका.

८. वरचं झाकण किती टाइट करायचं? स्टेम त्यानेच धरलेला असतो ना?

नाही, आणि हा गैरसमज इतका पसरलाय की वेगळा प्रश्न केला. झाकणाचा बोल्ट खालच्या स्टार नटला (स्टीअररच्या आत ठोकून बसवलेला आट्यांचा तुकडा) वर ओढतो आणि त्याने बेअरिंगमधला ढिलेपणा निघतो, त्याचं काम तेवढंच. स्टेमला धरून ठेवतात ते मागचे दोन बोल्ट.

म्हणून क्रम असा: मागचे बोल्ट सैल असताना झाकण हलक्या हाताने आवळा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा आणि दुसऱ्या हाताची बोटं फ्रेम आणि फोर्कच्या सांध्यावर ठेवा. टकटक जाणवली तर अजून थोडं आवळा. बोटं सांध्यावरच हवीत, कारण डिस्क ब्रेकचे पॅडही आपल्या जागी किंचित हलून तसाच आवाज करतात आणि माणूस उगाच झाकण पिळत बसतो. टकटक थांबली की पुढचं चाक उचला आणि हँडल सोडून द्या, ते आपोआप सहज एका बाजूला वळलं पाहिजे. अडखळत असेल तर झाकण जास्त झालंय, सोडा.

हे जमलं की स्टेम चाकाच्या रेषेत आणा आणि मगच मागचे दोन बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे करत आवळा. मागचे बोल्ट आवळल्यावर झाकण पिळून काही होत नाही, फक्त स्टार नट ओढला जाऊन जागचा सरकतो.

९. स्टेमच्या वर स्पेसर नाहीत. मग?

स्टेम उलटा करून बघा. बहुतेक थ्रेडलेस स्टेम थोड्या कोनात असतात, ६ किंवा ७ अंश सर्रास, आणि कारखान्यातून बऱ्याचदा खाली झुकवून लावलेले येतात. तोच स्टेम उलटा लावला की तोंड वर. स्टेमवरचं नाव उलटं दिसायला लागलं तर समजा उलटा झाला, नावाने काही बिघडत नाही.

त्यासाठी हँडल स्टेममधून काढावं लागतं. पुढच्या झाकणाचे चार बोल्ट परत लावताना समोरासमोरचे, फुलीच्या क्रमाने थोडे थोडे आवळा आणि वरची-खालची फट सारखी ठेवा. काही स्टेम असेही असतात की वरची फट आधी पूर्ण बंद करायची आणि मग खालचे बोल्ट आवळायचे, तसं असेल तर त्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा.

१०. उलटा केल्याने किती वर येतं? आणि हँडल जवळ येतं का?

साधारण ७३ अंशाची पुढची नळी असलेल्या सायकलवर १०० मिमी लांबीचा, ६ अंशाचा स्टेम उलटा केला तर हँडल अंदाजे २० मिमी वर येतं आणि ६ मिमी जवळ. १७ अंशाचा असेल तर तब्बल ५५ मिमीच्या आसपास वर जातं. स्टेम जितका आखूड तितका फरक कमी.

स्पेसरने वर घेतलं तरी हँडल थोडं मागे येतं कारण नळी तिरकी असते, दर १० मिमीला साधारण ३ मिमी. लक्षात ठेवायची गोष्ट ही की बऱ्याच जणांना उंची नाही तर लांबी त्रास देत असते, हात पार ताणलेले, कोपरं सरळ कडक. तिथे आखूड स्टेमने जे काम होतं ते उंचीने होत नाही.

११. रायझर हँडल, कोन बदलणारा स्टेम, एक्स्टेंडर, यातलं काय घ्यावं?

माझी पसंती सरळ: आधी जास्त कोनाचा साधा स्टेम, मग रायझर हँडल, मग बाकीचं.

रायझर म्हणजे मधून वर उचललेलं हँडल. सरळ हँडलवाल्या सायकलला हा फार सोयीचा उपाय आहे, स्टीअररला हातही लावावा लागत नाही. फक्त मधली जाडी जुळली पाहिजे. २५.४, ३१.८ आणि ३५ मिमी हे नेहमीचे आकडे, ३१.८ च्या स्टेममध्ये २५.४ चं हँडल नुसतं आवळून बसत नाही, कितीही पिळलं तरी नाही. नवीन हँडल रुंद असेल तर केबलचा प्रश्न येतो, तो १२ मध्ये.

कोन बदलणारा स्टेम आपल्याला किती उंची हवी हे ठरवायला उत्तम. तो वजनदार असतो आणि त्यात एक जादा सांधा असतो, तो बोल्ट ढिला पडला की चालत्या सायकलवर हँडल खाली झुकतं. रोज सौम्य चालवायला ठीक, पण दर थोड्या दिवसांनी तो सांधा तपासायची सवय हवी. डोंगराळ वाटा, उड्या वगैरेसाठी नको.

एक्स्टेंडर म्हणजे स्टीअररवर बसवून वर लांबी वाढवणारा तुकडा. साध्या, शांतपणे चालवायच्या, धातूचा स्टीअरर असलेल्या सायकलवर चालतो, पण लांबी वाढली की तरफही वाढते, खालच्या पकडीवरचा जोर वाढतो. कार्बन स्टीअररवर अजिबात नाही. एक्स्टेंडरवर एक्स्टेंडर तर विचारातही आणू नका.

१२. हँडल वर घेतल्यावर ब्रेकच्या वायरी ताणल्यात, चालेल का?

नाही चालणार. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा आणि प्रत्येक वेळी चारही गोष्टी बघा: केबलचं आवरण आपल्या टोकातून बाहेर ओढलं जातंय का, ब्रेक आपोआप लागतोय का, गिअर स्वतःहून पडतोय का, कुठे तीक्ष्ण घडी पडतीय का. यातलं एकही झालं तर लांब केबल आणि आवरण टाका, ते स्वस्तातलं आणि सोपं काम आहे.

हायड्रॉलिक ब्रेक असेल तर नळी ओढून चालवायची नाही, जोडापाशी निसटली किंवा गळायला लागली की ब्रेक गेला. नळी बदलल्यावर आत तेल भरून हवा काढावी लागते, ते येत नसेल तर दुकानात करून घ्या. इ-सायकलला डिस्प्ले आणि ब्रेकच्या सेन्सरच्या वायरीही असतात, त्याही दोन्ही बाजूंना वळवून बघाच.

सगळं झालं की ब्रेकचे लिव्हर आणि त्यांचा कोन परत जुळवा. हँडल वर आलं की मनगटाचा कोन बदलतो आणि जुन्या जागी ठेवलेला लिव्हर दाबताना मनगट मुडपतं.

१३. टॉर्क रेंच (किती जोराने आवळतोय ते मोजणारा पाना) नाही, अंदाजाने आवळलं तर?

थ्रेडलेस स्टेमवर आकडा लिहिलेला असतो, बहुतेक ४ ते ६ न्यूटन मीटर. छोट्या अॅलन कीच्या लांब टोकाला हात लावून आवळलं तर हा आकडा कधी ओलांडला ते कळतही नाही. धातूचं हँडल, धातूचा स्टीअरर असेल तर आखूड टोक धरून, बोटांच्या जोराने आवळून प्रश्न ३ च्या शेवटची तपासणी करणं हा कामचलाऊ मार्ग आहे. ५ न्यूटन मीटरला कट् करून थांबणारी छोटी ठरावीक की मिळते, हँडलला हात लावणार असाल तर ती घ्याच.

क्विलच्या एकट्या बोल्टला याहून बराच जास्त जोर लागतो, तो आकडा स्टेमच्या कंपनीचा बघा, ५ वर थांबलात तर हँडल फिरेल. आणि गंजलेला किंवा डोकं झिजलेला बोल्ट परत लावू नका, नवीन टाका.

१४. नव्या रोड सायकलला सगळ्या वायरी आतून आहेत, स्टेमही हँडलला एकजीव आहे. वर होतं का?

कधी कधी, पण घरी नको. त्यात केबल आणि ब्रेकच्या नळ्या हँडलमधून स्टेममध्ये, तिथून बेअरिंगच्या आतून फ्रेममध्ये जातात. स्पेसरही त्या कंपनीचेच, खास आकाराचे असतात. काहींचे दोन तुकड्यांचे असतात आणि नळ्या न सोडवता घालता-काढता येतात, काहींना सगळं सोडवावं लागतं. आणि एकजीव हँडल-स्टेम उलटा करता येत नाही, म्हणून ९ चा उपाय इथे बाद. अशी सायकल अजून घ्यायची असेल तर दुकानात स्टीअरर कापण्याआधीच थांबवा आणि थोडा लांब ठेवून घ्या. नंतर कापता येतो, जोडता येत नाही.

१५. फोर्क कार्बनचा आहे, वेगळं काय?

बरंच. कार्बन स्टीअररमध्ये स्टार नट ठोकत नाहीत, तिथे आतून फुगणारा प्लग असतो आणि तो स्टेम जिथे आवळला जातो त्याच उंचीवर हवा, म्हणजे नळीला आतून आधार मिळतो. स्टेम वर सरकवला आणि प्लग खालीच राहिला तर तुम्ही पोकळ नळी बाहेरून चेपताय. स्टेमच्या खाली किती मिमीपर्यंत स्पेसर चालतील याची मर्यादा फोर्कची कंपनी देते, ती तुमच्याच फोर्कची बघा, दुसऱ्याच्या सायकलचा आकडा लावू नका. स्टेमच्या वर एक ५ मिमीचा स्पेसर ठेवायला बऱ्याच कंपन्या सांगतात, म्हणजे स्टेमची पूर्ण पकड नळीवर येते.

ग्रीस लावायचं नाही, कार्बनसाठीची कणीदार पेस्ट मिळते ती, तीही कंपनीने मनाई केली नसेल तरच. टॉर्क रेंचशिवाय हात लावू नका, इथे १३ मधला कामचलाऊ मार्ग लागू नाही. ओरखडा, पांढरी रेघ, दबलेली जागा दिसली तर सायकल तिथेच थांबवा आणि जाणकाराला दाखवा.

१६. घडीच्या सायकलचं आणि मुलांच्या सायकलचं काय?

घडीच्या सायकलला हँडलचा खांब एकात एक सरकणारा असेल तर लिव्हर सोडून वर घ्या, पण त्यावरही शेवटची रेघ असते आणि तिला ४ मधलंच सगळं लागू. खांब सरकणारा नसेल तर त्यात स्वतःची युक्ती लावू नका, तिथे आधीच लांब तरफ आणि एक बिजागरी आहे.

मुलांच्या सायकलवर बहुतेक क्विल असतो. मूल वाढतं तसं हँडल वर जात राहतं आणि कधी रेघेच्या बाहेर जातं ते लक्षात येत नाही. रेघ दिसायला लागली म्हणजे सायकल लहान पडली, मोठी घ्यायची वेळ झाली.

१७. जुनी सायकल आहे, वायरीऐवजी रॉडचे ब्रेक आहेत. तरी वर घेता येईल?

येईल, पण आधी रॉड सोडवावे लागतील. हे ब्रेक रॉड वर ओढला की रिमच्या आतल्या बाजूला लागतात, त्यामुळे हँडल वर घेतलं की पुढचा ब्रेक आपोआप लागून बसतो. उभ्या रॉडच्या सांध्यावरचा आवळणारा नट सैल करा, हँडल वर घ्या, मग ब्रेकचा रबर रिमपासून थोडा दूर ठेवून नट परत आवळा. मागच्या ब्रेकची जोडणीही तपासा, तीही हँडलवरूनच जाते.

काही जुन्या रेसिंग सायकलींवर पुढच्या ब्रेकची वायर स्टेममधल्या भोकातून किंवा स्टेमला लागून खाली जाते, तिथेही हेच. आधी ब्रेकची वायर सैल करा, नंतर जुळवा, आणि दोन्ही ब्रेक जोरात दाबून बघितल्याशिवाय सायकलवर बसू नका.

१८. वर घेतलं तरी हात सुन्न होतात.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सुन्न होत असेल तर तळहाताच्या बाहेरच्या कडेला दाब पडतोय. अंगठा आणि त्याच्या बाजूची दोन बोटं असतील तर मनगट बहुतेक मागे मुडपलेलं राहतंय. पहिल्यात ग्रिपचा आकार बदला, तळहाताला रुंद आधार देणारी मिळते, दुसऱ्यात लिव्हरचा कोन. दोन्हीत दर काही मिनिटांनी हाताची जागा बदला, कोपरं जरा मोकळी ठेवा, आणि १ मध्ये लिहिलेलं सीटचं टोक परत एकदा बघा. सायकलवरून उतरल्यावरही सुन्नपणा जात नसेल तर हँडलशी खेळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

१९. खूप वर घेतलं तर तोटा काय?

भार सगळा सीटवर येतो, मग खड्ड्यांचे धक्के थेट पाठीच्या तळाला आणि बसण्याची जागा दुखायला लागते. उभ्या चढावर पुढचं चाक हलकं होऊन डगमगतं. वाऱ्यात जास्त दम लागतो. म्हणून एकदम टोकाला नेऊ नका, एका वेळी १० मिमी वाढवा, काही दिवस चालवा, मग ठरवा.

२०. काम झालं. परत कधी तपासू?

पहिल्या छोट्या फेरीनंतर लगेच, मग आठवडाभराने, आणि पुढे जेव्हा सायकल पुसाल तेव्हा. चाक गुडघ्यात धरून हँडल वळवायची तपासणी आणि ब्रेक दाबून हलवायची तपासणी, दोन्ही मिळून मिनिटही लागत नाही. उंची बदलल्यावर नव्याने करकर ऐकू येत असेल तर बहुतेक वेळा कोरडा सांधा असतो, सोडून साफ करून परत नीट आवळला की जातो (धातूला ग्रीस, कार्बनचं १५ मध्ये). तरीही करकर राहिली, किंवा हँडल एकदाही स्वतःहून हललं, तर सायकल चालवत नेऊ नका, हाताने ढकलत मेकॅनिककडे न्या आणि स्टेम बाहेर काढून बघायला सांगा. पडल्यानंतरही तसंच, हँडल वाकडं झालं म्हणून नुसतं सरळ करून निघायचं नाही, बोल्ट सोडून आत बघायचं.